मुलाला व्यायामाची, खेळाची सवय लावली तर तो व्यसनापासून लांब राहील का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा अकरावीत आहे, सोसायटीतला एक मुलगा एमडी या नशेच्या पावडरीच्या नादी लागलेला पाहिल्यापासून तुमची झोप उडालीय, आणि आता याला जिम लावावी की बॅडमिंटनला घालावं ते ठरत नाहीये. शेवटी विचारलंय, "मैदानावरचं पोरगं बिघडत नाही म्हणतात, ते खरं ना?" त्या वाक्यापाशी मी थांबले. लालबागच्या आमच्या चाळीत हे वाक्य ऐकतच मी मोठी झाले. ते खरं नाही.

माझा धाकटा भाऊ कबड्डी खेळायचा. पहाटे साडेपाचला धावायला, आल्यावर भिजवलेले चणे आणि दूध, रात्री दहाला अंथरुणात. गल्लीत कुणी सिगारेट ओढली तर हा रस्ता बदलायचा. अशा मुलाला पहिला घोट मिळाला तो खेळामुळेच. एकोणीस वर्षांचा होता. संघ एक स्पर्धा जिंकला आणि त्या रात्री शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर जिंकलेल्या चषकातच बिअर ओतून तो सगळ्यांत फिरवला. आपल्याकडे कायद्याने बिअरला 21 आणि दारूला 25 वर्षं पूर्ण लागतात, पण गच्चीवर कोण विचारतो? ओतणारे संघातले थोरले खेळाडू होते, नोकरीला लागलेले, चांगल्या घरचे, ज्यांच्यासारखं व्हावं असं याला वाटायचं ते. तो पितळी चषक पुढे कितीतरी वर्षं आमच्या फळीवर होता. आई दसऱ्याला चिंच लावून तो घासायची. तिला काहीच माहीत नव्हतं.

आधी जिंकले की, मग हरले तरी, मग नुसत्या सरावानंतरही. तोवर दुसऱ्या दिवशी पळायचं असायचं म्हणून हात आखडता होता. मग गुडघा गेला. मैदान सुटलं आणि मैदानानंतरचं तेवढं उरलं. दोन-तीन वर्षांत तो सकाळीही क्वार्टर लागण्यापर्यंत आला.

इथे आमचे मामा येतात. मामा गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि पुढे आमच्या आजूबाजूची किती घरं दारूने बसली हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. मामा मात्र तालमीत जात राहिले, जोर-बैठका चुकवल्या नाहीत आणि कधी थेंबाला शिवले नाहीत. त्याचा त्यांना अभिमान आहे आणि तो मलाही आहे. पण मामांना दारू कधी लागलीच नव्हती. न लागलेली लागू न देणं वेगळं आणि लागलेली सोडवणं वेगळं, हे त्यांना तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

2011 चा मे महिना. मामा शनिवारी रात्री राहायलाच आले. "उद्यापासून थेंब नाही. पहाटे माझ्याबरोबर चालायचं, बारा सूर्यनमस्कार, संध्याकाळी मारुतीचं देऊळ. पंधरा दिवसांत माणूस करतो की नाही बघा." आम्हालाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. रविवारी सकाळी भावाने चहा बशीत ओतायला घेतला तर कप बशीवर टकटक वाजायला लागला. दोन्ही हातांनी धरूनही थांबेना. अर्धा चहा मांडीवर सांडला. मामा म्हणाले, "अंगातलं विष निघतंय, निघू दे." रात्रभर तो घामाने भिजून बसून होता. सोमवारी सकाळी तिसऱ्या नमस्काराला खाली वाकला तो उठलाच नाही. दात आवळलेले, डोळे वर, सगळं अंग झटके देतंय. कुणी कांदा आणला, कुणी चप्पल. (यातलं काहीही करू नका. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा.) टॅक्सी करून केईएमला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी मला नीट समजावलं. दारू मेंदूला मंदावते. रोज पिणाऱ्याचा मेंदू त्याविरुद्ध सतत जोर लावून चालू राहायला शिकलेला असतो. दारू एकदम बंद केली की समोरचा दाब जातो, जोर तसाच राहतो. मग हात थरथरतात, दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते, त्यानंतर भास होतात, वेळेवर उपचार नाही मिळाले तर माणूस जातोही. म्हणून काही दिवस गोळ्या देऊन, त्या हळूहळू कमी करत, बी-1 ची इंजेक्शनं देत दारू उतरवतात. म्हणजे शनिवारी रात्री आमच्या भावाला गरज होती ती डॉक्टरांची. मामा आजही लग्नकार्यात भेटले की म्हणतात, "तुम्ही घाई केलीत, त्याला पेशंट करून टाकलंत." मामा, तो पेशंट होताच. सूर्यनमस्कार चांगलेच आहेत, पण ते त्या सोमवारचं औषध नव्हतं.

आता सवयींचं. सवयी कामाला आल्या, पण नंतर, आणि पहाटेच्या नव्हे, संध्याकाळच्या. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या सभांमध्ये त्याला शिकवलं की भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळी माणूस घसरतो. मुंबईत हे चारही संध्याकाळी सातला एकत्र येतात. एकला डबा खाल्लेला, लोकलला लटकून आलेला, स्टेशनबाहेर बारची पाटी. भाऊ सहा वाजता चणे-शेंगदाणे आणि केळं खायला लागला. पोट भरलेलं असलं की अर्धी ओढ तिथेच मरते, हे तो अजून सांगतो. घरी जेवण साडेसातला आणलं, सगळ्यांचंच. झोपेची वेळ पक्की केली, कारण दारूने डोळा लागतो पण झोप मोडते, आणि अपुऱ्या झोपेचा माणूस दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा दमलेला असतो. जुन्या संघाशी संबंध तोडले. ते त्याला सगळ्यात जड गेलं, गुडघ्यापेक्षाही.

तेव्हा जिम की बॅडमिंटन, काहीही लावा. त्याच्यावर भिस्त ठेवू नका, एवढंच. सरावानंतरचा तास तो कुणाबरोबर काढतो, थोरले खेळाडू कसे आहेत, आणि खेळ उद्या सुटला तर संध्याकाळी त्याच्याकडे दुसरं काय आहे, ते बघा. आणि रागावू नका, पण गटारीला तुमच्या घरात काय होतं? आषाढ अमावास्या खरं तर दिव्यांची. आमच्याकडे आता त्या दिवशी दिवे घासून पुजतात, बाटली येत नाही. बाप हसत हसत "आज चालतं" म्हणाला की पोराला दुसरं कुणी शिकवावं लागत नाही.

मी डॉक्टर नाही. खेळ वाईट असंही म्हणत नाही, भाऊ आज रविवारी सकाळी वस्तीतल्या पोरांना कबड्डी शिकवतो. प्रत्येक पिणाऱ्याला फिट येतेच असंही नाही. पण रोज पिणारं कुणी घरात असेल तर परस्पर बंद करायला लावू नका. केईएम, नायर, सायन, तिन्हीकडे मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. 14446 ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची मोफत हेल्पलाइन आहे, ती घरच्यांनीही फिरवावी.

मामा आता व्हॉट्सॲप वापरतात. हे उत्तर त्यांनाही पाठवते आहे.