पुण्याच्या शनिवार-रविवारच्या रेससाठी महिना 2,500 रुपये भरून टिप्स घ्याव्यात का? पहिल्या दोन फुकट दिल्या, दोन्ही लागल्या. या रविवारी कोणता घोडा बरा? (तासगाव, जि. सांगली)

"दोन्ही लागल्या" हे वाचलं आणि लिहायला बसलो, नाहीतर मी इथं फक्त वाचायला येतो. नका घेऊ. टिप चुकली तर माणूस चार शिव्या घालून मोकळा होतो. लागली की तो संपला.

मी सांगलीत हळदीच्या पेढीवर दिवाणजी आहे, 26 वर्षं झाली. रेसचा नाद त्याहून जुना. पुण्याचा सीझन पावसाळ्यात सुरू झाला की महिन्यातून एखादा रविवार पहाटेची स्वारगेट गाडी धरायची. आणि हिवाळ्यात एकदा, फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी डर्बी असते, तेव्हा रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडून मुंबई, महालक्ष्मीचं रेसकोर्स. महालक्ष्मीत बसून महालक्ष्मीला जाता आणि देवीचं दर्शन न घेता येता, ही बायकोची तक्रार खरी आहे.

2012 च्या ऑगस्टमधली गोष्ट. आमचे साडू तुमच्याच तालुक्यातले. द्राक्षबाग आहे, बेदाणा करतात. त्या वर्षी बेदाण्याला भाव बरा मिळाला होता आणि "आमालाबी दावा की तुमचं रेसकोर्स" म्हणून ते मागं लागले. मग मी नेलं. हे वाक्य नीट वाचा. ते मागं लागले, मग मी नेलं. आमच्या सासरवाडीत ही गोष्ट उलटी सांगतात.

गाडी सातारा स्टँडला थांबली. मी चहा घेऊन येतोय तर पाव्हण्यांच्या मोबाइलवर एसएमएस: "चौथी रेस, 4 नंबर, पक्का." मला न सांगता कुणाकडून तरी नंबर मिळवून त्यांनी दोन हजार भरले होते. म्हणाले, "तबेल्यातनं आतली खबर हाय." खंबाटकी उतरेपर्यंत मी रेसचं पुस्तक उघडून त्यांना एकेक गोष्ट दाखवत होतो. घोडा मागची रेस जिंकला होता हे खरं, पण जिंकला म्हणूनच हँडिकॅपरनं, म्हणजे कुठल्या घोड्यावर किती वजन ते ठरवणाऱ्यानं, त्याच्या पाठीवर वजन वाढवलं होतं. ड्रॉ, म्हणजे सुटायच्या गेटातली जागा, बाहेरचा. त्यात रात्रभर पाऊस, ट्रॅक मऊ, आणि हा आजवर पळालेला सगळा कडक ट्रॅकवर. पाव्हणे खिडकीबाहेर बघत होते.

पॅडॉकमध्ये, रेसआधी घोडे फिरवून दाखवतात तिथं, तर माझी खात्रीच झाली. गार हवेत तो घोडा मागच्या पायांमधून घामानं पांढरा झालेला, सईसाला ओढत चाललेला. मी म्हटलं, हा रेस इथंच पळून संपवणार. पाव्हण्यांनी बुकीकडं जाऊन त्याच्यावर पाच हजार लावले, शंभराला दीडशे भावानं. मी 7 नंबरवर तीनशे.

4 नंबर गेटमधून निघाला तो पुढंच. शेवटच्या फर्लांगात मी ओरडत होतो की आता थांबेल, आता थांबेल. दोन लेंथनी जिंकला. माझा 7 नंबर तिसरा आला, आणि मी विन लावलं होतं, म्हणजे पहिला आला तरच पैसे; वरच्या काही नंबरांत आला तरी पैसे देणारं प्लेस नाही. कर कापून पाव्हण्यांच्या हातात दहा हजारांवर रक्कम आली. त्यांनी त्यातल्या नोटा मोजून मला तीनशे देऊ केले. मी घेतले नाहीत. तेव्हापासून हे वाजतंय.

पण खरी रेस संध्याकाळी स्वारगेटला झाली. फलाटावर कराडचा एक जण भेटला, तोही रेसकोर्सवरूनच आलेला, कुणाला तरी फोनवर शिव्या देत होता. त्यालाही टिप आली होती. त्यानं मोबाइल दाखवला: पाठवणाऱ्याचा नंबर तोच, शब्द तेच, "चौथी रेस, 2 नंबर, पक्का." मी दोन्ही मोबाइल शेजारी धरून पाव्हण्यांना दाखवले. त्यांनी दोन्ही वाचले, जरा विचार केला आणि म्हणाले, "त्यांनी पैसं कमी भरलं आसतील."

ह्याला काय उत्तर देणार सांगा.

तुम्हाला फुकट टिप देणाऱ्याचा हिशेब आता करा. चारशे नंबर जमवायचे. आठ घोड्यांची रेस असेल तर पन्नास जणांना 1 नंबर, पन्नास जणांना 2, असं आठही घोडे वाटून टाकायचे. कुठलाही जिंको, पन्नास माणसं खूश. पुढच्या रविवारी साडेतीनशेंना विसरायचं आणि त्या पन्नासांना परत आठ घोडे वाटायचे. सहा-सात जणांची टिप सलग दोनदा लागते. त्यांना आता महिना 2,500 मागायचे. तुम्ही त्या सहा-सातांतले आहात, अभिनंदन. घोड्याबद्दल कणभर माहिती असल्याशिवाय हा धंदा चालतो.

साडू पुढं तीन वर्षं टिप्सवर खेळले. रेसकोर्सवर पुन्हा कधी आले नाहीत, सगळं फोनवर, गावातल्या बुकीकडं. हे बेकायदेशीर आहे हे बाजूला ठेवा. रेसकोर्सवर निदान खिशातली नोट काढून द्यावी लागते, हात थबकतो. फोनवर नुसतं "लिव्हून ठेव" म्हटलं की झालं. सोमवारी हिशेब. सोसायटीचं कर्ज थकलं आणि 2015 ला ट्रॅक्टर गेला.

मग मेव्हण्याच्या मुलीचं लग्न, मिरजेत. भर मांडवात साडू म्हणाले, पाव्हण्यांनी नादाला लावलं. मी म्हटलं, रेस हा नुसता जुगार नाही, 1996 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की हा कौशल्याचा खेळ आहे. तर म्हणतात कसे, "कौशल्य घोड्याचं आन् जॉकीचं. तुमचं काय?" सगळी पंगत हसली. वाढपीसुद्धा.

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, ते इथं देतो. माझं कौशल्य रेस सोडण्यात आहे. सौद्यात पोतं फोडलं की हळकुंड मोडून आतला रंग बघतात. राजापुरी हळद आहे असं कुणी कानात सांगितलं म्हणून व्यापारी भाव चढवत नाही. दिवसाच्या कार्डावर सात-आठ रेस असतात, त्यातल्या मी दोन खेळतो. पहिल्यांदाच पळणारी घोड्यांची पोरं ज्यात आहेत ती रेस सोडायची, मोडून बघायला हळकुंडच नाही. अगदी खालच्या क्लासची, म्हणजे सगळ्यात कमी प्रतीच्या घोड्यांची, सोडायची, तिथं कोण कधी पळेल ते घोड्यालाही ठाऊक नसतं. मग उरलेल्यात वरच्या क्लासमधून खाली आलेला, वजन उतरलेला, आणि अशाच ओल्या ट्रॅकवर आधी पळालेला घोडा शोधायचा. पेनेट्रोमीटरचा आकडा त्यासाठीच देतात, आकडा जास्त तितकी जमीन मऊ. लोक तो वाचत नाहीत, जॉकीचं नाव वाचतात. पेसी श्रॉफ घोड्यावर बसायचे तेव्हा त्यांच्या नुसत्या नावानं भाव खाली यायचा. जॉकी थोर, त्यात वाद नाही, पण शंभराला तीस मिळणार असतील तर त्या थोरपणाचे पैसे आपणच भरतो. आणि टनाला (पहिले तीन घोडे क्रमानं ओळखायचे), जॅकपॉट (लागोपाठच्या रेसचे विजेते ओळखायचे) असल्या लांबच्या गोष्टी मित्रांबरोबर वर्गणी काढून गंमत म्हणून करा, घरखर्चातून नको.

हां, त्या दिवशी हे सगळं बघून मी 7 नंबर काढला होता आणि 4 नंबर जिंकला, ही गोष्ट आहेच. एक दिवस असा जातो. घाम आलेला घोडा दहातून आठ वेळा हरतो असं मी साडूंना सांगितलं होतं, तेव्हा उरलेल्या दोन वेळा कधी येतील ते विचारायला ते विसरले.

आता जे आधी लिहायला हवं होतं ते. लावलेल्या पूर्ण रकमेवर आधीच 28 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. 10,000 च्या वर जिंकलात तर त्यातून 30 टक्के टीडीएस वेगळा. म्हणजे अभ्यास करूनही वर राहणं आता जवळजवळ अशक्य आहे. माझ्याकडं 2004 पासूनची वही आहे, प्रत्येक रेस लिहिलेली. आजवर मी 71,350 रुपयांनी खाली आहे, गाडीभाडं आणि चहा सोडून. बायकोला साठ हजार सांगितलेत. साडूंचा आकडा विचाराल तर तो त्यांनाही माहीत नाही. त्यांनी वही ठेवली नाही. मांडवात हे बोलायला हवं होतं.

या रविवारी कोणता घोडा, हे तुमचं राहिलं. चौथ्या रेसमध्ये एक मला आवडलाय, पण पॅडॉकमध्ये बघितल्याशिवाय नाव घेणार नाही, आणि तुम्हीही लावू नका. पहाटेच्या गाडीला मी असेन. येणार असाल तर खिशात हजाराच्या वर घेऊ नका, एटीएम कार्ड घरी ठेवा.

आणि तासगावात बेदाण्याच्या शेडवर कुणी साठीतले गृहस्थ बटणांचा जुना मोबाइल काढून 2012 चा एसएमएस दाखवायला लागले, तर त्यांना कराडच्या माणसाचं विचारा.