वाचकांचे प्रश्न : खाटेचा विमा आणि खुर्चीतला उपचार

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे दातांच्या खर्चाविषयी आणि तो नाकारणाऱ्या विम्याविषयी होती. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. 5 लाखांच्या आरोग्य विम्याचा हप्ता नऊ वर्षे न चुकता भरते आणि आजवर एकही दावा केलेला नाही. यंदा उजवीकडच्या खालच्या दाढेचे रूट कॅनाल करून कॅप बसवली, त्याला 9,500 रुपये लागले. कंपनीने एका ओळीत दावा नाकारला. दाढेत भुलीचे इंजेक्शन दिले होते, म्हणजे ती शस्त्रक्रियाच झाली ना? ही फसवणूक नव्हे काय? (वाचक भगिनी, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : आपला राग मला समजतो, परंतु या दाव्यात कंपनीची चूक दिसत नाही. आपण ज्याला आरोग्य विमा म्हणतो तो मुळात रुग्णालयात दाखल होण्याचा विमा असतो. पॉलिसीच्या व्याख्यांच्या पानावर ‘रुग्णालय’ म्हणजे काय ते दिलेले असते : नोंदणीकृत रुग्णालय, अथवा दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या गावात किमान 10 खाटा, चोवीस तास परिचारिका आणि स्वतःचे शस्त्रक्रियागृह असलेली संस्था. दंतवैद्याच्या दवाखान्यात एक किंवा दोन खुर्च्या असतात, खाट नसते. भुलीच्या इंजेक्शनचा मुद्दाही टिकत नाही, कारण चोवीस तासांच्या आत घरी सोडण्याजोग्या ‘डे केअर’ उपचारांच्या व्याख्येतच, जो उपचार एरवी बाह्यरुग्ण म्हणून होतो तो धरला जाणार नाही, असे वाक्य असते. शिवाय बहुतेक पॉलिसींच्या वगळलेल्या बाबींमध्ये दंतोपचार निराळा नोंदवलेला असतो. अपघातामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागले असेल तेवढाच त्याला अपवाद.

दंतोपचाराला दार पुरते बंद आहे असे मात्र नाही. जबड्याचे हाड मोडणे, जबड्यातील गाठ, तोंडाचा कर्करोग, किंवा दाढेचा पू गळ्यापर्यंत उतरून श्वासाला अडथळा होणे, अशा प्रसंगी रुग्ण दाखल होतो आणि तो खर्च सामान्यतः मान्य होतो. विमा नियामकाने 1 एप्रिल 2020 पासून सर्व कंपन्यांना विकायला लावलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत आजार किंवा इजेमुळे आवश्यक ठरलेला दंतोपचार स्पष्ट शब्दांत समाविष्ट आहे. तथापि तोही रुग्णालयात दाखल झाल्यावरच मिळतो, आणि त्यात 5 टक्के वाटा आपला असतो.

आता व्यवहाराचे बोलू. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला आहे. मूळ हप्ता 20,000 रुपये असेल आणि कंपनीने तो वाढवला नसेल, तर आपले वर्षाला 3,600 रुपये वाचतात. ती रक्कम दातांच्या नावाने बाजूला ठेवावी, असे माझे मत आहे. आपल्या गावात भारती विद्यापीठाचे दंत महाविद्यालय आहे, जवळच कवलापूरला वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. तेथे फेऱ्या अधिक होतात आणि वेळ मोडतो, परंतु खर्च खाजगी दवाखान्याच्या मानाने बराच कमी येतो.

प्रश्न : माझा मुलगा मोटारसायकलवरून पडला. हनुवटीचे हाड मोडले आणि वरचे पुढचे दोन दात मुळासकट निघाले. मिरजेच्या एका रुग्णालयात चार दिवस ठेवून प्लेट बसवली. ते बिल विम्यातून मिळाले. नंतर त्या जागी दोन इम्प्लांट (हाडात स्क्रू रोवून त्यावर बसवलेले कृत्रिम दात) बसवले, त्याचे 70,000 रुपये ‘दंतोपचार वगळलेला आहे’ असे सांगून नाकारले. पुढे काय करावे? (शेतकरी वाचक, तासगाव)

उत्तर : आपल्या पत्राला मी सर्वांत अधिक जागा देत आहे, कारण येथे आपली बाजू भक्कम असू शकते आणि तरीही ती कागदावर हरण्याची शक्यता आहे.

अपघात आणि रुग्णालयात दाखल होणे या दोन्ही अटी आपल्या बाबतीत पूर्ण होतात. म्हणून पहिले काम म्हणजे पॉलिसीतील मूळ वाक्य काढून वाचावे. काही पॉलिसी अपघातानंतरचा दंतोपचार देतात, पण इम्प्लांट, ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला कृत्रिम दात) आणि कवळी यांना त्यातून नावानिशी वगळतात. तसे असेल तर भांडण्यात अर्थ नाही. तसे वगळलेले नसेल तर डिस्चार्ज कार्ड पाहावे. आपल्याकडचे दंतवैद्य प्रत्येक दात दोन आकड्यांनी ओळखतात. पहिला आकडा जबड्याच्या चार भागांपैकी कोणता ते सांगतो आणि दुसरा मधल्या रेषेपासून दाताचा क्रम. वरचे पुढचे दोन दात म्हणजे 11 आणि 21. कार्डावर ‘हनुवटीचे फ्रॅक्चर’ एवढेच लिहिले असेल आणि 11 व 21 यांचा उल्लेखच नसेल, तर हे दात त्याच अपघातात गेले याला कंपनीच्या दृष्टीने पुरावा नाही. मूळ कार्डावर खाडाखोड करू नये, करवूनही घेऊ नये. रुग्णालयाच्या केसपेपरवर दातांची नोंद असेल तर तिच्या आधारे सही-शिक्क्याचे पुरवणी पत्र मागावे आणि दाखल होताना काढलेल्या जबड्याच्या एक्स-रेची प्रत सोबत जोडावी.

खरी अडचण मुदतीची आहे. घरी सोडल्यानंतरचा खर्च पॉलिसीत ठरलेल्या दिवसांपुरताच मिळतो. ‘आरोग्य संजीवनी’त ही मुदत 60 दिवसांची आहे, इतर काही पॉलिसींत अधिक. इम्प्लांटचा स्क्रू हाडात पक्का बसायला साधारण तीन ते सहा महिने लागतात आणि त्यावरचा दात त्यानंतर बसतो. म्हणजे शरीराचे वेळापत्रक आणि विम्याचे वेळापत्रक येथे जुळत नाही. आपले बिल दोन टप्प्यांचे असेल, तर मुदतीत झालेल्या पहिल्या टप्प्याचा दावा स्वतंत्रपणे मांडावा. 70,000 मिळाले नाहीत तरी त्यांतील काही भाग हाती येऊ शकेल. दुसऱ्या टप्प्याबाबत, हा उपचार वैद्यकीय कारणानेच आधी होऊ शकत नव्हता, असे दंतवैद्याचे पत्र जोडून विनंती करावी. ती मान्य होईलच, अशी खात्री मी देणार नाही.

नियामकाच्या 29 मे 2024 च्या परिपत्रकानुसार कोणताही दावा कंपनीच्या पुनरावलोकन समितीच्या मंजुरीशिवाय फेटाळता येत नाही आणि फेटाळताना पॉलिसीतील नेमके कलम कळवावे लागते. आपल्याला ते कळवलेले नाही असे पत्रावरून दिसते. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. महिनाभरात उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जावे; सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे त्यांच्याच कक्षेत येतात. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, शुल्क नाही, वकील चालत नाही. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीतील एका कारखान्यात मी पर्यवेक्षक आहे. कंपनीच्या सामूहिक विम्यात वर्षाला 8,000 रुपये ओपीडी खर्च मिळतो, त्यात दातही येतात. विम्याचे वर्ष 31 मार्चला संपते. मला दोन दाढांचे रूट कॅनाल आणि कॅप सांगितले आहे, एका दाढेचे साधारण 8,000. डॉक्टर म्हणाले, दुसरे बिल एप्रिलच्या तारखेचे देतो. चालेल का? आणि पत्नीसाठी बाहेरून दातांचे वेगळे कव्हर घ्यावे का? (वाचक, कुपवाड)

उत्तर : बिलाची तारीख बदलणे चालणार नाही. दावा तपासणारा बिलाबरोबर एक्स-रेची तारीखही पाहतो आणि अशी लबाडी उघडी पडली तर 8,000 रुपयांपायी नोकरीवर बालंट येऊ शकते. उपचारच दोन वर्षांत विभागणे ही मात्र सरळ आणि रास्त गोष्ट आहे. एक दाढ मार्चअखेर कॅपसकट पूर्ण करावी आणि दुसरी एप्रिलमध्ये सुरू करावी. एका दाढेचे रूट कॅनाल मार्चमध्ये आणि तिचीच कॅप पुढे कधीतरी, अशी विभागणी करू नये. रूट कॅनाल केलेली दाढ कॅपविना ठिसूळ राहते आणि भडंगातल्या एखाद्या कडक शेंगदाण्याने तिचा टवका उडाला की सगळाच खर्च वाया जातो. दुसऱ्या दाढेला सूज किंवा पू असेल तर एप्रिलची वाट पाहू नये. अशा वेळी विम्याच्या तारखेसाठी थांबणे म्हणजे दात कोरून पोट भरण्यासारखे आहे.

कागदांच्या बाबतीत माझा स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी मी अशाच ओपीडी मर्यादेतून 6,500 रुपयांचा दावा केला होता. पावती छापील होती, सही होती, शिक्का होता. कामाच्या रकान्यात मात्र ‘डेंटल वर्क’ हे दोनच शब्द. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नव्हता, दाताचा क्रमांक नव्हता. दावा परत आला. दुरुस्त पावती मिळवेपर्यंत कागद सादर करण्याची मुदत टळली आणि पैसे बुडाले. दोष पावतीइतकाच माझाही होता. म्हणून पैसे देण्याआधी, खुर्चीतून उठल्या उठल्या, पावती वाचावी. निदान काय, दात कोणता, रूट कॅनालचे किती, कॅपचे किती आणि ती कोणत्या प्रकारची, हे तिच्यावर वेगवेगळे हवे. आधीचा आणि नंतरचा एक्स-रे मागून घ्यावा, पैसे यूपीआयने द्यावेत.

पत्नीसाठीच्या कव्हरचा हिशेब साधा आहे. समजा, जादा हप्ता 4,500 रुपये आहे, दातांची मर्यादा 10,000 आणि आपला वाटा 20 टक्के. संपूर्ण मर्यादा वापरली तरच 8,000 मिळणार, म्हणजे पदरात 3,500. त्या वर्षी केवळ 2,000 रुपयांचे स्केलिंग (दातांची सफाई) आणि सिमेंट भरणे झाले, तर मिळणार 1,600 आणि गेलेले 4,500. त्यात पहिले काही महिने प्रतीक्षा काळाचे, म्हणजे दावा न चालणारे, असू शकतात; चणे आहेत तेव्हा दात नाहीत, अशातली गत. विम्याचे काम अचानक कोसळणारा मोठा खर्च झेलण्याचे असते, आणि ही तर ठरावीक रकमेची उचल झाली, तीही स्वतःच्याच पैशांतून. दातांचे मोठे काम येत्या वर्षात निश्चित करायचे आहे आणि प्रतीक्षा काळ त्याआधी संपतो, एवढ्याच परिस्थितीत मी ते घेईन. तारा लावणे, दात पांढरे करणे यांसारखी कामे बहुधा सौंदर्योपचार ठरवून वगळलेली असतात, हेही घेण्यापूर्वी पाहावे.

आपल्या हाताखालच्या कामगारांसाठी एक सूचना. ज्यांचे वेतन महिना 21,000 रुपयांपर्यंत आहे आणि पगारातून कर्मचारी राज्य विमा योजनेचे (ईएसआय) 0.75 टक्के कापले जातात, त्यांनी आधी त्या योजनेच्या दवाखान्यात दातांची चौकशी करावी. कापलेले पैसे आपलेच असतात.

प्रश्न : मी माजी सैनिक आहे. एक एजंट वर्षाला 3,000 रुपयांत पती-पत्नीच्या दातांची योजना देतो म्हणतो. घ्यावी का? (वाचक, अपशिंगे, जि. सातारा)

उत्तर : घेऊ नये. माजी सैनिकांसाठी 1 एप्रिल 2003 पासून सुरू असलेल्या अंशदायी आरोग्य योजनेत, म्हणजे ईसीएचएसमध्ये, आपले आणि अवलंबित पत्नीचे कार्ड असेल, तर पॉलिक्लिनिकमध्ये दंतवैद्य असतो आणि कवळीपर्यंतचे उपचार नियमांनुसार मिळतात. बाहेर पाठवायचे झाल्यास तेथूनच रेफरल घ्यावा. आधी खाजगी दवाखान्यात करून मग बिल नेल्यास अडचण येते. एजंटची ‘योजना’ बहुधा सवलतीचे सदस्यत्व असावे. ते विमा नव्हे आणि त्याची तक्रार लोकपालांकडे चालत नाही.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीत नोकरी करते. तेथील तिच्या दंतविम्याने कॅपचे निम्मेच पैसे मिळणार आहेत, म्हणून ती डिसेंबरात तीन आठवडे आल्यावर कराडला काम करून घेऊ म्हणते. एका पडलेल्या दाढेच्या जागी ब्रिजही हवा आहे. तेथील विमा येथील बिल देईल का? मे महिन्यात आम्ही दोघे तिच्याकडे जाणार आहोत, तेव्हा आमचे काय? (वाचक भगिनी, कराड)

उत्तर : अमेरिकेत दातांचा विमा आरोग्य विम्याहून वेगळा असतो. तेथील बऱ्याच योजना तपासणी आणि सफाईचे 100 टक्के, सिमेंट भरण्यासारख्या साध्या कामांचे 80 टक्के आणि कॅप, ब्रिज अशा मोठ्या कामांचे 50 टक्के देतात आणि वर्षाची कमाल मर्यादा बहुधा 1,000 ते 2,000 डॉलर असते. वर्ष संपले की उरलेली रक्कम बहुधा पुढे जात नाही. त्यामुळे वर्षातून दोनदा होणारी सफाई तिने तेथेच करून घ्यावी, ती जवळजवळ फुकट पडते. ब्रिजबाबत एक अट पाहावी : विमा घेण्यापूर्वीच पडलेल्या दाताच्या जागी केलेले काम कित्येक योजना मान्य करत नाहीत.

येथील बिलाचे म्हणाल, तर ठरलेल्या दंतवैद्यांपुरतीच योजना असेल तर काही मिळणार नाही. बाहेरच्या दंतवैद्याचाही खर्च देणारी योजना असेल तर मिळू शकते, परंतु काही योजना परदेशात फक्त तातडीचा उपचार मानतात. निघण्यापूर्वी तिने कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे. ब्रिजला माप घेणे, प्रयोगशाळेतून येणे, चाव्याची जुळणी अशा फेऱ्या लागतात, म्हणून भेटीची वेळ ती विमानात बसण्यापूर्वीच ठरवून ठेवावी.

आपल्या दोघांच्या प्रवास विम्यात दातांसाठी अचानक उद्भवलेल्या वेदनेपुरती छोटी रक्कम असते. जुनी कीड तिला चालत नाही. कीड भरणे, हलणारा दात काढणे, कवळी घासून घेणे ही कामे एप्रिलअखेर कराडातच उरकावीत.

मुलीच्या बिलाविषयी एक बारीकशी गोष्ट राहिली. वर सांगितलेली दोन आकड्यांची पद्धत अमेरिकेत चालत नाही. तेथे कायमचे दात 1 ते 32 असे सलग मोजतात. आपली 46 क्रमांकाची दाढ, म्हणजे उजवीकडची खालची पहिली मोठी दाढ, त्यांच्या हिशेबी 30 असते. बिलावर नुसते 46 पाहून तेथला कारकून असा दातच नसतो म्हणेल, तेव्हा कराडच्या डॉक्टरांकडून इंग्रजी बिलावर दोन्ही आकडे लिहून घ्यावेत.