व्हॉल्टवॉर्डन सुरूच होत नाही, डेटा फोल्डर उडवून नव्याने टाकू का?

नको! व्हॉल्टवॉर्डन म्हणजे तुमचे पासवर्ड सांभाळणारा घरचा सर्व्हर, आणि ते पासवर्ड त्याच फोल्डरमध्ये आहेत. त्याला हात लावू नका. चूक तिथे नाहीच.

तुम्ही लिहिलंय की सबडोमेन बदलल्यापासून रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरचा कंटेनर (डॉकरने वेगळ्या डब्यात चालवलेला प्रोग्राम) एकसारखा रीस्टार्ट होतोय, लॉगमध्ये ‘डोमेनला प्रोटोकॉल हवा’ अशा अर्थाची ओळ येते, आणि कंपोज फाइलमध्ये (कंटेनरच्या सेटिंग्ज जिथे लिहितो ती) पत्त्याच्या आधी एचटीटीपीएस लावून ‘डॉकर कंपोज रीस्टार्ट’ दिलं तरी तेच रडगाणं.

घोळ त्या कमांडमध्येच आहे. रीस्टार्ट जुनाच कंटेनर बंद करून पुन्हा चालू करतं. तो पहिल्यांदा तयार झाला तेव्हा डोमेनची जी किंमत (म्हणजे तिथे लिहिलेला पत्ता) त्याच्यात गेली, तीच घेऊन तो परत उठतो. नंतर फाइलमध्ये तुम्ही काय खोडलं आणि काय लिहिलं, याचा त्याला पत्ताच नसतो. ‘डॉकर कंपोज अप -डी’ द्या. मग कंपोज बदल ओळखून जुना कंटेनर मोडतं आणि नवा बनवतं. डेटा फोल्डर बाहेरून जोडलेला असेल तर तो जागच्या जागी राहतो.

यात मी एक अख्खी रात्र घालवली आहे, म्हणून इतक्या खात्रीने सांगतोय. एकच ओळ वीस वेळा दुरुस्त केली, अवतरणचिन्हं लावली, काढली. पहाटे कधीतरी कंटेनरच्या आतल्या सेटिंग्ज दाखवणारं ‘डॉकर इन्स्पेक्ट’ चालवून पाहिलं तर आत जुनाच पत्ता बसलेला. तेव्हापासून आधी कंटेनरला काय दिसतंय ते बघतो, मग फाइल उघडतो.

अप करूनही जुनीच किंमत दिसली तर दोन जागा तपासा. एक, डॉट-ईएनव्ही फाइल, म्हणजे सेटिंग्ज वेगळ्या लिहून ठेवायची फाइल. ती नुसती शेजारी ठेवली म्हणून तिच्यातलं आपोआप कंटेनरमध्ये जात नाही. कंपोजमध्ये तसं सांगावं लागतं. ‘डॉकर कंपोज कॉन्फिग’ दिलंत की शेवटी काय जुळून आलं ते छापून मिळतं. दोन, डेटा फोल्डरमधली कॉन्फिग-डॉट-जेसन ही व्हॉल्टवॉर्डनची स्वतःची सेटिंग्जची फाइल. ॲडमिन पानावर कधी ‘सेव्ह’ दाबलं असेल तर ती तयार होते, आणि तिच्यातली किंमत एन्व्हायर्नमेंटमधल्या (कंपोजमधून कंटेनरला दिलेल्या) किमतीवर मात करते. डोमेन तिथे असेल तर तिथेच बदला.

जाता जाता ॲडमिन टोकनही (ॲडमिन पानाचा पासवर्ड) बघा. आर्गॉन२ ही पासवर्ड गुंतवून ठेवायची पद्धत वापरून बनवलेल्या टोकनमध्ये डॉलरची चिन्हं असतात. ते थेट कंपोज फाइलमध्ये लिहिलं तर डॉलरपुढचे शब्द कंपोज व्हेरिएबल समजून गिळून टाकतं. सर्व्हर सुरू होतो, पण ॲडमिन पान आत घेत नाही आणि आपण पासवर्ड विसरलो की काय असं वाटत राहतं. प्रत्येक डॉलर दोनदा लिहायचा.

परवानगी नाकारली किंवा किल्लीची फाइल बनवता येत नाही अशी ओळ आली तर तो वेगळा आजार. आधी रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून चालवलेला कंटेनर आता दुसऱ्या युजरने चालवला की असं होतं. फोल्डरची मालकी ‘चोन’ या कमांडने बदलली की भागतं.

आता पासवर्डांची काळजी. व्हॉल्टवॉर्डनला जोडलेल्या फोनवरच्या बिटवॉर्डन ॲपमध्ये लॉगिन असाल तर तिजोरीची एन्क्रिप्टेड प्रत फोनमध्येही असते. सर्व्हर बंद असतानाही अनलॉक करून पासवर्ड वाचता येतात, फक्त बदलता येत नाहीत. मात्र सर्व्हर उठेपर्यंत चुकूनही लॉग आउट करू नका, ती प्रत जाते. घरात आणखी कोणी हेच वापरत असेल तर त्यांनाही आत्ताच सांगून ठेवा. आमच्याकडे नेमकं तेच राहिलं होतं, आणि ‘चालत नाही म्हणून परत लॉगिन करून बघते’ म्हणत आईने लॉग आउट दाबलं.

काहीही करण्याआधी कंटेनर थांबवून अख्ख्या डेटा फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. नुसती डीबी-डॉट-एसक्यूलाइट३ (डेटाबेसची फाइल) उचलू नका. आरएसए किल्ली आणि अटॅचमेंटही लागतात.

एवढं करूनही नाही उठलं तर लॉगमधली पहिली चूक इथे चिकटवा. ॲडमिन टोकन आणि ईमेलचा पासवर्ड तेवढा खोडून.