चेहरा लीडचा नाही म्हणाले ना, मग हे वाच

अरे,

तुझा रात्री दोनचा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला, मग परत वाचला. कास्टिंगवाल्याने तोंडावर सांगितलं की चेहरा लीडचा नाही, कॅरेक्टर रोल आला तर कळवतो, आणि तू लिहिलंयस की सहा वर्षं एकांकिकांमध्ये घासली, राज्य नाट्यला बक्षीस आणलं ते काय कुणाचा तरी काका करायला? आडनाव बदलू का असंही विचारलंयस, आणि वय निघून चाललंय असंही लिहिलंयस. फोनवर हे सगळं नीट बोलता येणार नाही म्हणून लिहितोय, शांतपणे वाच.

तुला एका नटाबद्दल सांगायचंय. पीट पोसलथवेट. नावाने काही आठवणार नाही, पण चेहरा बघितलास की म्हणशील अरे हा तर तोच! ज्युरासिक पार्कच्या दुसऱ्या भागातला शिकारी, यूज्वल सस्पेक्ट्समधला आवाज न चढवता धमकी देणारा वकील कोबायाशी. जन्म १९४६ चा, इंग्लंडच्या उत्तरेतलं वॉरिंग्टन गाव, कामगाराचं कॅथलिक घर. आधी टीचर झाला, शाळेत ड्रामा शिकवला, आणि मग ब्रिस्टल ओल्ड विकच्या थिएटर स्कूलला गेला. गालाची हाडं अशी वर आलेली की त्यांच्याखाली सावली पडायची, नाक जाड, कातडी राकट. आणि ते आडनाव! ते बदल असा सल्ला त्यालाही मिळाला होता. नाही बदललं त्याने. एवढं लांब नाव थिएटरवर दिव्यांत लावायचं तर लाइटबिल परवडणार नाही, असं तो स्वतःच हसत सांगायचा.

आता मुद्द्याचं. सत्तरच्या दशकात तो लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरमध्ये होता. होप स्ट्रीटवरचं जुन्या चॅपलमधलं थिएटर. कंपनीत कोण कोण तर ज्युली वॉल्टर्स, बिल नाय, जोनाथन प्राइस, अँटनी शेर, आणि लिहायला ॲलन ब्लीझडेल, विली रसेल. आज ही नावं केवढी मोठी वाटतात, पण तेव्हा सगळे पोरंच होते आणि त्याच गावातल्या माणसांची नाटकं त्याच गावातल्या माणसांना दाखवत होते, कधी कधी तर पबमध्ये जाऊन. पबमध्ये प्रयोग म्हणजे काय ते डोळ्यासमोर आण, समोरचा माणूस नाटक बघायला आलेलाच नाही, दिवसभर राबून ग्लास हातात घेऊन बसलाय आणि तुला त्याची मान तुझ्याकडे वळवायचीय, तिथे चेहरा लीडचा आहे की नाही हे कुणीही बघत नाही, बघतात ते तू खरं बोलतोयस की नाही एवढंच. माझं ठाम मत आहे की तो घडला तो तिथेच, पुढे रॉयल शेक्सपियर कंपनी आणि हॉलिवूड झालं ते त्या भांडवलावर.

आणि त्या चेहऱ्याने काय केलं बघ. १९८८ चा डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ह्ज हा टेरेन्स डेव्हिसचा सिनेमा, दिग्दर्शकाने स्वतःच्या लिव्हरपूलच्या घरावरून केलेला, त्यात हा बाप आहे. बायकोला मारणारा, पोरं ज्याच्या पावलांच्या आवाजाला घाबरतात असा. ख्रिसमसच्या आदल्या रात्री तो झोपलेल्या पोरांच्या खोलीत हळूच येतो आणि त्यांच्याकडे बघून देव तुमचं भलं करो म्हणतो, इतक्या मायेने की तुझा घसा दाटून येईल. आणि लगेच पुढच्या सीनमध्ये जेवायला सगळे बसलेत, सगळं मांडलंय, आणि हा अचानक टेबलक्लॉथ ओढून सगळं जमिनीवर पाडतो आणि बायकोला ओरडतो, साफ कर हे. मधे कुठलंही स्पष्टीकरण नाही. तो स्वतः पण देत नाही, म्हणजे नट म्हणून डोळ्यांतून सुद्धा सांगत नाही की बघा मी आतून चांगला आहे किंवा वाईट आहे. दोन्ही खरं ठेवतो. मी हा सीन किती वेळा बघितलाय मोजलं नाही.

पाचच वर्षांनी, १९९३ ला, इन द नेम ऑफ द फादर. परत बाप. जुसेपे कॉनलन, बेलफास्टचा खराखुरा माणूस, मुलाला अटक झाली म्हणून मदतीला लंडनला आला आणि स्वतःच बॉम्बच्या खोट्या केसमध्ये अडकला, १९८० ला कैदेतच गेला, निर्दोष ठरला तो मेल्यानंतर. मुलाचं काम डॅनिअल डे-लुईसचं, आरडाओरडा, धावपळ, सगळी आग त्याच्याकडे. आणि हा बाप श्वास जपून बोलतो, माळ जपतो. तोच चेहरा, तीच हाडं, पण ख्रिसमसचं टेबल उधळणारा माणूस कुठे शोधूनही सापडत नाही. तो मेल्याचं कळतं तेव्हा कैदी रात्री खिडक्यांतून पेटवलेले कागद खाली सोडतात, तो सीन लागतो कारण त्याआधी दीड तास या माणसाने आवाज न चढवता ती जागा कमावलेली असते. ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं तेव्हा तो ४८ चा होता. तू २६ चा आहेस.

ब्रास्ड ऑफ (१९९६) मध्ये तो यॉर्कशरच्या बंद पडणाऱ्या कोळसा खाणीतल्या बँडचा मास्तर डॅनी. छातीत कोळशाची धूळ बसलेली, तरी हॉस्पिटलमधून उठून बँडच्या स्पर्धेच्या फायनलला लंडनच्या अल्बर्ट हॉलला येतो आणि जिंकलेली ट्रॉफी नाकारतो, म्हणतो मला वाटायचं संगीत महत्त्वाचं, पण माणसांपुढे काही नाही ते. इन्सेप्शनमध्ये परत बाप, मरणाच्या बिछान्यावर, दोन-तीन वाक्यं फक्त, पण अख्ख्या कथेची गाठ त्या वाक्यांत आहे. काका करायला बोलावतायत म्हणून रागावला होतास ना, यातला बाप किती मिनिटं आहे ते घड्याळ लावून बघ.

आणि २००८ ला, एवढं सगळं झाल्यावर, तो शेक्सपियरचा किंग लिअर करायला कुठे गेला? लंडनला नाही. लिव्हरपूलला, एव्हरीमनमध्ये, जिथे सुरुवात केली तिथेच. लंडनला ते नाटक नंतर गेलं. लिअर तुला परका नाही, शिरवाडकरांच्या नटसम्राटमधला अप्पासाहेब बेलवलकर त्यातूनच आलाय, आणि तो पहिल्यांदा उभा करणारे डॉ. लागू तर ईएनटी सर्जन, चाळिशी ओलांडल्यावर पूर्णवेळ नाटकात आलेले. हे मी वयाबद्दल तू जे लिहिलंयस त्यासाठी सांगतोय. पोसलथवेट २ जानेवारी २०११ ला गेला, कॅन्सरने, ६४ व्या वर्षी, आणि शेवटच्या वर्षापर्यंत सिनेमे चालूच होते.

एक माझं पण सांगतो, कुणाला सांगत नाही. तिशीत असताना एका मालिकेत मोठा रोल देतो म्हणाले म्हणून मी आमचा ग्रुप सोडला, तालीम अर्ध्यावर टाकून. चार आठवड्यांत तो रोल कापला. त्याचं दुःख संपलं, ग्रुप सोडल्याचं अजून संपलेलं नाही, कारण त्या लोकांसोबत जे शिकलो असतो ते नंतर कुठेच मिळालं नाही. म्हणून तुझ्या मेसेजमधल्या "ग्रुपला कंटाळलोय" या वाक्याची मला त्या कास्टिंगवाल्यापेक्षा जास्त काळजी वाटली.

तर आडनाव आहे तसं ठेव, काकाच्या ऑडिशनला हो म्हण आणि स्क्रिप्ट पूर्ण मागून घे, फक्त तुझी पानं नको. काका घरात कुठल्या खुर्चीवर बसतो, त्याला उठायला कोण सांगू शकतं, एवढं शोध आधी. नोकरी सोडू नकोस एवढ्यात. बुधवारची तालीम चुकवू नकोस.

आणि रविवारी घरी ये, सकाळीच ये. ते दोन बाप पाठोपाठ बघू, ८८ चा आणि ९३ चा, मधे जेवण. वही आण. खांदे, मान आणि श्वास एवढंच लिहायचं, डायलॉग नाही. काकू भरली वांगी करणारे, तुला आवडतात म्हणून.

तुझा,
दादा