दोन कंपन्या, एक मजला, एकच राउटर: सबनेट पाडायचे का?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं: एका मजल्यावर दोन कंपन्या, मिळून पंचेचाळीसेक कॉम्प्युटर, सगळे १९२.१६८.१.० च्या एकाच रेंजमध्ये, लाइन एक, राउटर एक. नेट संथ चालतं, शेजारच्यांची शेअर केलेली फोल्डरं तुम्हाला दिसतात, आणि कोणीतरी सांगितलंय की सबनेट पाडले (म्हणजे पत्त्यांच्या रेंजचे वेगळे गट केले) की दोन्ही दुखणी जातील. एक जाईल, पण तेही नुसत्या सबनेटने नाही.

संथपणाचं आधी उरकतो. तुमची रेंज /२४, म्हणजे पत्त्याचे पहिले तीन आकडे सगळ्यांचे सारखे; त्यात वापरायला २५४ पत्ते मिळतात. सगळ्यांचे फोन धरले तरी ते निम्मेही भरत नसावेत. इतक्या यंत्रांचा ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून पाठवलेले संदेश) गिगाबिट स्विचच्या खिजगणतीतही नसतो. (वाय-फायवर थोडा जाणवतो, कारण तिथे ब्रॉडकास्ट कमी वेगाने पाठवला जातो. तरी पंचेचाळीस म्हणजे काही फार नाहीत.) भर दुपारी कोणी मोठा बॅकअप अपलोडला लावला की अपलोड तुंबतं आणि त्यापाठोपाठ डाउनलोडही अडखळतं. बहुतेक ठिकाणी दुखणं हेच निघतं. त्यावर राउटरमध्ये बँडविड्थची मर्यादा घाला. लाइन तीच राहणार असेल तर सबनेट दोन करा नाहीतर वीस, वेग वाढत नाही.

खरा प्रश्न तुमच्या दुसऱ्या तक्रारीत आहे: कोणाचं यंत्र कोणाच्या यंत्रापर्यंत पोचू नये? दोन कंपन्या, दोघांचे हिशेब वेगळे, उद्या एकीकडे रॅन्समवेअर शिरलं तर ते दुसरीकडे पसरायला मधे काहीच नाही. म्हणून माझं उत्तर 'वेगळं करा' असंच आहे. एकाच कंपनीचे पंचेचाळीस लोक असते तर पाहुण्यांचं वाय-फाय वेगळं करून बाकीचं आहे तसं ठेवा म्हटलं असतं.

पण वेगळं करणं म्हणजे नुसते पत्ते वाटून घेणं नव्हे. समजा, रेंजचे दोन तुकडे केले, १ ते १२६ तुमचे, १२९ ते २५४ त्यांचे, मास्क (कोणते पत्ते आपल्याच तुकड्यातले हे यंत्राला सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.१२८, आणि स्विच तोच जुना साधा. आता तुमच्या लॅपटॉपला हाताने त्यांच्या तुकड्यातला एखादा मोकळा पत्ता द्या. मिनिटभरात तुम्ही त्यांच्यात जाऊन बसलात. वायर एकच, त्यामुळे एआरपी (हा पत्ता कोणाचा, ही यंत्रांची विचारणा) सगळ्यांना ऐकू येतं आणि कोणी आगाऊपणे डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटायची सोय) देणारं यंत्र जोडलं तर ते दोन्हीकडे पत्ते वाटत सुटतं. ही भिंत नाही, जमिनीवर खडूने मारलेली रेघ आहे.

भिंत हवी तर व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचमध्ये पाडलेली वेगवेगळी नेटवर्क. मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच घ्या, त्यांचे पोर्ट एका व्हीलॅनमध्ये, तुमचे दुसऱ्यात, प्रत्येक व्हीलॅनला आपला सबनेट, आणि दोघांच्या मधली वाट फक्त राउटरमधून. ती वाट फायरवॉलने (राउटरमधल्या ये-जा अडवणाऱ्या नियमांनी) बंद ठेवा. हे शेवटचं वाक्य लोक विसरतात. बरेच राउटर व्हीलॅन केल्यावर आपापसातलं राउटिंग आपणहून चालू ठेवतात. मग स्विच बदलला, केबल नव्याने लावल्या, आणि शेजारी आहेत तिथेच.

सामाईक प्रिंटर असेल तर निम्मी डोकेदुखी तिथे. तो आपोआप सापडतो एमडीएनएसमुळे (जवळची यंत्रं शोधायची पद्धत), आणि ते राउटर ओलांडत नाही. त्यामुळे दुसऱ्या बाजूच्यांना तो यादीत दिसणार नाही. पत्ता हाताने घालावा लागेल आणि फायरवॉलमध्ये तेवढ्यापुरती फट ठेवावी लागेल.

माझी एक अख्खी दुपार अशाच प्रिंटरने खाल्ली आहे. रेंजचे वरच्यासारखेच दोन तुकडे, व्हीलॅनही केलेले. प्रिंटर .२०० वर (हा पत्त्याचा शेवटचा आकडा); त्याच्या बाजूचे लोक मजेत छापत होते, राउटरवरून पिंग (यंत्र उत्तर देतंय का ते बघायची हाक) जात होता, पलीकडून मात्र एक पान निघेना. शेवटी प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर मेन्यू खाली-खाली सरकवत गेलो तेव्हा दिसलं: मास्क जुनाच, २५५.२५५.२५५.०. पलीकडच्या .४० कडून काम पोचत होतं, पण प्रिंटरला वाटे की .४० आपल्याच गल्लीत आहे. तो उत्तर राउटरकडे द्यायचं सोडून थेट .४० ला हाका मारत बसे, आणि त्या व्हीलॅनमध्ये ऐकायला कोणी नव्हतं. हाताने पत्ता दिलेली यंत्रं (प्रिंटर, कॅमेरे, हजेरीचं मशीन) आधी कागदावर उतरवून घ्या, ते यासाठी.

म्हणूनच मी आता /२४ चे तुकडे करतच नाही. १०.०.०.० च्या खासगी रेंजमध्ये १ कोटी ६७ लाखांवर पत्ते आहेत, काटकसर कोणासाठी? व्हीलॅन १० ला १०.२०.१०.०/२४, व्हीलॅन २० ला १०.२०.२०.०/२४. पत्ता बघताच कोण कुठला ते कळतं. शिवाय १९२.१६८.१.० सुटल्याचा वेगळा फायदा म्हणजे घरच्या राउटरचीही पुष्कळदा तीच रेंज असते, आणि मग घरून व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) जोडल्यावर लॅपटॉप ऑफिसचा सर्व्हर घरातच शोधतो, आणि तो सापडत नाही.

राउटरचा पासवर्ड कोणाकडे आहे हे तुम्ही लिहिलं नाहीये. जागेच्या मालकाकडे असेल आणि तो हात लावू देत नसेल, तर आपला स्वतःचा राउटर घेऊन त्याच्या मागे बसा. डबल नॅट होईल (पत्त्यांची अदलाबदल एकाऐवजी दोन राउटरांत), बाहेरून आत येणारं काही असेल (कॅमेरे, व्हीपीएन सर्व्हर) तर त्रास देईल, पण शेजाऱ्यांना तुमची यंत्रं थेट गाठता येणार नाहीत. उलट, तुम्ही मात्र त्यांच्यापर्यंत पोचू शकाल, तेव्हा त्यांनीही तसाच राउटर लावावा हे त्यांना सांगा.

आणि काम सुट्टीच्या दिवशी करणार असाल तर दोन दिवस आधी डीएचसीपीची लीज (दिलेल्या पत्त्याची मुदत) तासाभरावर आणून ठेवा. नाहीतर पोर्ट नव्या व्हीलॅनमध्ये आणि यंत्र जुन्याच पत्त्यावर, असं होऊन सकाळी टेबलाटेबलाशी जाऊन केबल काढत-घालत बसावं लागतं.