सुसर की मगर? आणि आली की आला?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका काकूंचा प्रश्न आहे. काळ्या घोड्याजवळच्या पुलावरून त्या नातवाला विश्वामित्री नदीच्या काठावर पहुडलेलं जनावर दाखवत होत्या. म्हणाल्या, "ती बघ सुसर." नाशिकची सून म्हणाली, "आई, ती मगर. सुसर वेगळी." आणि नातू ओरडला, "आजी, मगर हलला!" तिघांत बरोबर कोण?

काकू, तुमचं चुकलेलं नाही आणि सूनबाईंचंही नाही. नातवाचं शेवटी बघू.

तुमच्या बाजूने सगळ्यात भक्कम साक्ष म्हणीची. "सुसरबाई, तुझी पाठ मऊ." ज्याच्या तावडीत सापडलो त्याचीच खुशामत करायची वेळ आली की ही म्हण निघते. सगळी गंमत ती पाठ मुळीच मऊ नसण्यात आहे. खात्री करायची तर थंडीच्या दिवसांत, ऊन चांगलं तापल्यावर त्याच पुलावर पुन्हा उभ्या राहा. तेव्हा ही जनावरं ऊन खायला काठावर येतात आणि तासन् तास हलत नाहीत, म्हणजे नीट बघून होतं. मानेवर मोठ्या खवल्यांचा एक वेगळा पुंजका दिसतो. मग थोडी जागा सुटते आणि पाठीवर खवल्यांच्या आडव्या रांगा सुरू होतात. या खवल्यांच्या आत हाडाच्या चकत्या असतात. शेपटीवर दोन करवती निघतात आणि पुढे जाऊन त्यांची एकच होते. वर चिखल वाळलेला असला की सगळी पाठ भेगाळलेल्या शेतासारखी दिसते. असल्या पाठीला मऊ म्हणायला जिवाची भीतीच हवी. तेव्हा म्हणीतली सुसर ही विश्वामित्रीतलीच बाई, यात मला तरी शंका नाही.

तिढा आहे तो शब्दाच्या मुळाशी. सुसर आला संस्कृत 'शिशुमार'वरून. पालीत तो 'सुंसुमार' होतो. आणि शिशुमार म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते गंगेतला डॉल्फिन. हिंदीत त्याला आजही सूँस म्हणतात, तोही याच घराण्यातला शब्द. पुराणांनी तर या शिशुमाराला आकाशात नेऊन बसवलंय: शिशुमारचक्र, आणि त्याच्या शेपटीच्या टोकाला ध्रुव. आता डॉल्फिनची पाठ खरोखरच गुळगुळीत असते. त्याला "तुझी पाठ मऊ" म्हटलं तर ती खुशामत कसली, नुसती माहिती झाली!

म्हणजे वाटेत कुठेतरी शब्दाने जनावर बदललं. पण हा काही मराठीचा आगाऊपणा नाही. माकडाचं काळीज मागणाऱ्या मगरीची गोष्ट आठवते ना? पंचतंत्रात तिथे 'मकर' आहे, पण पाली जातककथांत त्याच गोष्टीचं नाव 'सुंसुमार जातक' आहे, आणि तिथलं जनावर मगरच. इतका जुना हा बदल. शिवाय गोदावरी-कृष्णेच्या काठी राहणाऱ्याने गंगेतला डॉल्फिन पाहायचा कुठे? त्याला पाण्यात दिसायची ती हीच. हाताशी शब्द होता, तो तिला लागला.

'मगर'चं कुळ त्यामानाने सरळ. मकर, मगर, प्रकटचं प्रगट होतं तसंच. देवळातल्या मकराला मात्र चक्क सोंड असते आणि माशाची शेपटी, तेव्हा त्यावरून ओळख पटवायला जाऊ नका. 'मगरमिठी' हा शब्द मला फार आवडतो, कारण तो पाहणाऱ्याने घडवलेला आहे. मगरीच्या जबड्याची सगळी ताकद मिटण्यात असते. उघडण्याचे स्नायू इतके दुबळे, की मिटलेला जबडा दोरीने बांधून ठेवता येतो. पकडलेल्या मगरींच्या तोंडाला दोरी गुंडाळलेली बडोद्यात सगळ्यांनीच पाहिली असेल. 'नक्राश्रू' संस्कृत पेहरावात असला तरी ती कल्पना इंग्रजीतून आलेली, पाठोपाठ 'मगरीचे अश्रू'ही आले. मिठी आपली, अश्रू उसने.

आता सूनबाईंची बाजू. प्राण्यांवरच्या काही मराठी पुस्तकांत घडियालला 'सुसर' म्हटलेलं असतं. घडियाल म्हणजे लांब, चिंचोळ्या जबड्याचा मासेखाऊ प्राणी. पूर्ण वाढलेल्या नराच्या नाकाच्या टोकाला घड्यासारखी गाठ येते, म्हणून घडियाल. तो चंबळ, गंडक, गिरवा अशा उत्तरेकडच्या नद्यांतला. ग्वाल्हेरच्या आपल्या मंडळींना तो तासाभराच्या अंतरावर आहे, तुम्हाआम्हाला नाही. पुस्तकं लिहिणाऱ्यांपुढे प्राणी दोन होते आणि मराठीत शब्दही दोन, दोन्ही एकाच प्राण्याचे. त्यांनी वाटणी करून टाकली. सोय म्हणून ठीक आहे. पण त्या वाटणीवरून आजीला चूक ठरवायचं म्हणजे जरा जास्तच होतं. कृष्णेकाठी जिने जन्मभर सुसर म्हटलं, तिने घडियाल पाहिला होता थोडाच!

माझं मत विचाराल तर घडियालला घडियालच म्हणावं. शब्द चित्रमय आहे आणि त्यात घोटाळ्याला जागा नाही. लिहिताना, विशेषतः पुराच्या दिवसांत सोसायटीच्या फळ्यावर सूचना लावताना, 'मगर' लिहावं, म्हणजे शेजारच्या पटेलांनाही कळेल. घरात मात्र सुसर राहू द्या. नाहीतर म्हण पोरांना समजावून सांगावी लागेल.

राहिला नातू. मराठीत आज मगर स्त्रीलिंगी: ती मगर, त्या मगरी. गुजरातीत मगर पुल्लिंगी, हिंदीतला मगरमच्छही पुल्लिंगी. पोरगं शाळेत आणि खाली खेळताना "मगर आव्यो" ऐकतं, घरी येऊन "मगर आला" म्हणतं. बडोद्याच्या मराठीत हे मी पिकल्या केसांच्या लोकांकडूनही ऐकतो. पुण्याच्या पाहुण्यांना ते खटकतं, पण त्यांच्या गावात मगर दिसते प्राणिसंग्रहालयात. सांगलीकर किंवा चिपळूणकर बोलले तर एक वेळ ऐकून घेऊ, त्यांच्या नद्यांत मगरी आहेत.

लिंगापेक्षा मोठी गंमत क्रियापदाची आहे. 2024 च्या ऑगस्टमधल्या पुरात मगरी रस्त्यांवर आल्या, घराच्या छपरावर चढलेल्या एकीचा फोटो तर देशभर फिरला. तेव्हा इकडून महाराष्ट्रात फोन गेले, "आमच्या सोसायटीत मगर निघाला!" हे गुजराती 'नीकळ्यो' मराठी कपड्यांत. आपल्याला म्हणायचं असतं की आढळला, वर आला. पलीकडचे म्हणतात, "निघाला ना? मग झालं तर, सुटलात!"

नातवाला बोलताना टोकू नका. निबंधात 'मगर आली' लिहून घ्या, आणि 'निघाली' मुळीच नको.