कोंबड्या भरदुपारी मातीत का लोळतात? त्यांना उवा झाल्या आहेत असे समजावे काय?

आपल्या कोंबड्या रोज दुपारी गोठ्यामागच्या मातीत लोळतात, तेव्हा त्यांना उवा झाल्या असाव्यात, अशी शंका आपण विचारली आहे. आमच्याकडेही, यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात, सांदवाडीत म्हणजे घरामागच्या परसात गावरान कोंबड्या असतात. धुळीने काही उवा झडतात हे खरे, पण अंगावर एकही ऊ नसलेली कोंबडीही ओढीने मातीत बसते.

शेपटीच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीतील तेल कोंबडी चोचीने पिसांना लावते. माती मिळाली नाही तर ते साचून पिसे चिकट होतात, आणि बारीक माती हेच जास्तीचे तेल शोषून घेते. मात्र हा झाला धूळस्नानाचा उपयोग. त्यामागची प्रेरणा एवढ्याने उलगडत नाही, कारण प्रयोगांत ग्रंथी काढून टाकलेल्या कोंबड्यांनी आणि जन्मतः पिसे नसलेल्या पिल्लांनीही धूळस्नान केले. पिंजऱ्यातील कोंबडी तर नुसत्या जाळीवर बसून, चोचीने माती अंगाकडे ओढणे, पिसे फुलवून पंख झटकणे, डोके घासणे, कुशीवर लोळणे, हे सगळे मातीवाचूनच करते, आणि बरेच दिवस अडवल्यावर माती मिळाली की नेहमीपेक्षा अधिक वेळ लोळते. म्हणजे ही ओढ भुकेसारखी आतून साठत जाते. ऊन, उजेड आणि समोर दिसणारी भुसभुशीत माती तिला वाट करून देतात. म्हणूनच दुपारची वेळ.

डेन्मार्कचे संशोधक क्लाउस वेस्टरगार्ड यांनी 1982 मध्ये नोंदवले की कोंबडी साधारण दर दोन दिवसांनी एकदा, सुमारे 27 मिनिटे धूळस्नान करते. त्यामुळे आपल्याला रोज दिसणाऱ्या कोंबड्या बहुधा आळीपाळीने येत असाव्यात.

उवांची खात्री करायची असेल तर शेपटीखालची पिसे फाकवून पाहावीत. तेथे पिसांच्या बुडाशी लिखांचे पांढरट पुंजके दिसल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. लोळणे मात्र कधीही अडवू नये. खरी अडचण येते ती पावसाळ्यात, कारण आपली काळी माती ओली झाली की पायाला गोळे धरते आणि कोंबडीच्या काही उपयोगाची राहत नाही. उन्हाळ्यातच दोन घमेली कोरडी माती चाळून, तीत चुलीची पूर्ण विझलेली थोडी राख मिसळून, पडवीत पाणी न गळणाऱ्या कोपऱ्यात ठेवावी.